पॉलिहाऊस काकडीचं पाकीट, ट्रे आणि कोकोपीट: खान्देशाच्या हवेत काय टिकतं

दहा गुंठ्यांच्या शेडनेटला काकडीची अडीच हजारांच्या आसपास रोपं बसतात. बंदिस्त लागवडीच्या संकरित काकडीचं एक बी आजच्या भावाने सात-आठ रुपयांच्या घरात जातं. नांग्या, म्हणजे न उगवलेल्या किंवा मेलेल्या रोपांच्या जागा, भरायला दहा टक्के जास्तीचं धरलं, की नुसत्या बियाण्याचे वीस हजार होतात. म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबार कुठेही कृषी सेवा केंद्रात उभं राहिलं की पहिला प्रश्न कानावर येतो तो ‘कोणत्या कंपनीचं घेऊ?’ प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच. नावाजलेल्या दोन कंपन्यांच्या पाकिटांत जेवढा फरक असतो, त्याहून मोठा फरक पेरल्यानंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांतलं तापमान आणि पाणी पाडतात. आपल्याकडे जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या आसपास येतो आणि मे महिन्यात दुपारी पंचेचाळीसच्या पुढे जातो. एकच पाकीट या दोन महिन्यांत दोन वेगळ्या मालासारखं वागतं.

गुण आधीच देऊन टाकू. चांगल्या हवाबंद पाकिटातल्या संकरित बियाण्याला दहापैकी आठ. बाजारात सर्रास मिळणाऱ्या न धुतलेल्या कोकोपीटला, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाला, पाच. काकडीसाठी ९८ कप्प्यांच्या ट्रेला चार, ५० कप्प्यांच्या ट्रेला नऊ. रोपवाटिकेकडून रोपं करून घेण्याच्या सेवेला सहा, तेही अटी घातल्या तर.

पाकीट घेताना

काउंटरवर काकडी म्हणून जी पाकिटं मांडलेली असतात त्यांत दोन पूर्ण वेगळे प्रकार असतात. मोकळ्या रानातल्या वाणांना, मग ती राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची हिमांगी किंवा फुले शुभांगी असो की खासगी संकरित, नर आणि मादी फुलं वेगळी येतात आणि फळ धरायला मधमाशी लागते. ४० मेशच्या कीटकरोधक जाळीतून मधमाशी आत येत नाही. असं बी बंद शेडनेटमध्ये लावलं तर वेल जोमात वाढतो, फुलं लागतात आणि बोटाएवढी फळं पिवळी पडून गळतात. मग बोरॉन मारा, टॉनिक मारा असे सल्ले सुरू होतात. दोष फवारणीत नसतो, पाकिटात असतो.

बंदिस्त लागवडीच्या पाकिटावर दोन शब्द हवेतच: पार्थेनोकार्पिक आणि गायनोशियस. पहिल्याचा अर्थ परागीभवनाशिवाय फळ धरणारं, दुसऱ्याचा अर्थ जवळजवळ सगळी मादी फुलं देणारं. यातला एकच शब्द असेल तर दुकानदाराला वाणाचं माहितीपत्रक मागा. याची उलट बाजूही ध्यानात ठेवा. पार्थेनोकार्पिक काकडीवर मधमाशी बसली तर फळात बी भरतं, टोकाकडे फळ फुगतं आणि माल दुय्यम प्रतीत जातो. जाळी फाटलेली असेल आणि शेजारी नर फुलं देणारी मोकळ्या रानातली काकडी फुलावर असेल तर हे हमखास होतं. अधूनमधून चार-दोन नर फुलं दिसली म्हणून फसवणूक झाली असं मात्र नाही. उष्णतेच्या ताणात मादीप्रधान वाणही थोडी नर फुलं काढतात.

आता लेबल. काकडीला कायद्याने ठरवलेली किमान उगवण फक्त ६० टक्के आहे. भौतिक शुद्धता ९८ टक्के, ओलावा जास्तीत जास्त ७ टक्के आणि हवाबंद पाकिटात ६ टक्के. म्हणजे हजार बियांतलं चारशे बी उगवलं नाही तरी लेबल खोटं ठरत नाही, शेतकऱ्याचे मात्र अठ्ठावीसशे रुपये मातीत गेलेले असतात. या किमतीच्या बियाण्याकडून नव्वदच्या वर उगवण मिळायलाच हवी आणि चांगल्या लॉटला ती मिळतेही. त्यामुळे लेबलवरच्या ६० या आकड्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पाहायची ती चाचणीची तारीख. वैधता चाचणीच्या तारखेपासून नऊ महिने असते. मे महिन्यात घेतलेल्या पाकिटावर आदल्या सप्टेंबरची चाचणी असेल तर कागदावर ते वैध आहे, पण ते मधला सगळा उन्हाळा कुठे पडून होतं हे विचारा. पत्र्याच्या गाळ्यात, काचेच्या शोकेसमध्ये उन्हाच्या तिरपीत मांडलेलं महागडं बी घेऊ नये, भले दुकानदार पन्नास रुपये कमी करो.

घरची चाचणी सोपी आहे आणि बी वायाही जात नाही. २० बिया ओल्या, पिळून काढलेल्या सुती फडक्यात अंतर ठेवून मांडायच्या, फडकं गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवायचं आणि डबा २५ ते ३० अंशांत राहील अशा जागी ठेवायचा. चौथ्या दिवशी पहिली मोजणी, आठव्या दिवशी शेवटची. चांगल्या लॉटमधल्या बहुतेक बिया चौथ्या दिवसाच्या आतच मूळ काढतात. मूळ दोन-तीन मिलिमीटर झालं की ते बी तसंच उचलून ट्रेच्या कप्प्यात, मूळ खाली करून लावता येतं. त्याहून लांब होऊ दिलं तर लावताना मोडतं. वीसपैकी तीन-चार आठव्या दिवशीही गप्प असतील तर रोपांचा हिशेब त्या प्रमाणात वाढवा. सहाच्या वर असतील तर उरलेली पाकिटं न फोडता दुकानात परत न्या.

बी गुलाबी, हिरवं किंवा निळसर रंगाचं असेल तर त्याला थायरमसारखं बुरशीनाशक आधीच चोळलेलं आहे. असं बी रात्रभर पाण्यात भिजत घालण्याची आपल्याकडची सवय सोडावी. लेप धुऊन जातो आणि बी गुदमरतं. त्या पाण्यात हात घालायचाही नसतो.

पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात एचआर आणि आयआर अशी दोन खाती असतात. दुकानात त्याकडे कुणी बघत नाही, आणि वाण निवडताना खरा उपयोग त्यांचाच. एचआर म्हणजे रोगाला भक्कम प्रतिकार, आयआर म्हणजे मध्यम, म्हणजे रोग येईल पण कमी येईल. पुढची अक्षरं रोगाची: पीएक्स म्हणजे भुरी, पीसीयू म्हणजे केवडा, सीएमव्ही म्हणजे काकडीचा मोझॅक विषाणू, सीव्हीवायव्ही म्हणजे शिरा पिवळ्या पाडणारा विषाणू. ऑक्टोबरच्या लावणीला थंडीत भुरी येणार, तिथे पीएक्स नसलेलं वाण स्वस्तात मिळालं तरी फवारणीत महाग पडतं. जुलैच्या लावणीला पावसाळी दमटपणात केवडा धुमाकूळ घालतो, तिथे पीसीयू पाहा. फेब्रुवारीच्या लावणीला त्रास देतात फुलकिडे, पांढरी माशी आणि लाल कोळी. या किडींवर ही अक्षरं काही करत नाहीत. तिथे दुहेरी दाराची जाळीच कामाची.

सरकारी वाणांत दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं पुसा पार्थेनोकार्पिक खीरा-६ हे नाव घ्यावं लागेल. लवकर येणारं, ४० ते ४५ दिवसांत तोड्याला लागणारं, साधारण १४ सेंटिमीटर लांब आणि १०५ ग्रॅमच्या आसपास वजनाचं गर्द हिरवं फळ. संस्थेने दिलेलं सरासरी उत्पादन हेक्टरी १२६ टन आहे. दहा गुंठ्याला पावणेतेरा टन. आकडा भुरळ घालणारा आहे, पण तो नोव्हेंबर ते मार्चच्या हंगामातला, कमी खर्चाच्या पॉलिहाऊसमधला आणि दिल्लीच्या हवेतला आहे. रावेर-यावलच्या मार्चला तो जसाच्या तसा लावू नये. हे संकरित नसून सुधारित वाण असल्याने बियाण्याचा खर्च आटोक्यात राहतो, ही त्याची जमेची बाजू. अडचण एवढीच की ते गावच्या दुकानात सहजी मिळत नाही, संस्थेकडून मागवायची तयारी ठेवावी लागते.

विक्रीचं एक वाक्य इथेच. गर्द हिरवी, पातळ सालीची काकडी हॉटेल आणि सुरतकडे जाणाऱ्या गाडीला चालते, गावच्या आठवडे बाजारातलं गिऱ्हाईक मात्र अजून फिकट, पांढरट काकडीकडेच हात नेतं. गाडी ठरलेली नसेल तर दहा गुंठे एकदम भरू नयेत.

ट्रे

९८ कप्प्यांची ट्रे मिरची-टोमॅटोसाठी ठीक आहे. काकडीचं पान पहिल्यापासून मोठं असतं, दहाव्या दिवशीच शेजारच्या रोपावर सावली पडते आणि सगळी रोपं उजेडासाठी वर पळतात. बीपत्रांच्या खालची दांडी चार-पाच सेंटिमीटरच्या वर गेली की रोप लागवडीनंतर लोळतं आणि वाऱ्यात जमिनीलगत मोडतं. ५० कप्प्यांच्या ट्रेमध्ये जागा दुप्पट, मुळांचा गोळा मोठा, लावणी दोन-तीन दिवस पुढे ढकलावी लागली तरी रोप तग धरतं. अडीच हजारांवर दहा टक्के म्हणजे पावणेतीन हजार बियांना ५० च्या ५५ ट्रे लागतात, ९८ च्या २८-२९. खर्चातला फरक एका पाकिटाच्या किमतीपेक्षा कमी आहे आणि जाड ट्रे तीन-चार हंगाम चालते. पातळ, हातात वाकणारी ट्रे घेऊ नये. भरलेली उचलताना ती मधोमध वाकते आणि गोळे फुटतात. काकडीला मुळं दुखावलेली खपत नाहीत.

जुनी ट्रे वापरताना आधी कोकोपीटचा चुरा ब्रशने काढायचा, मग ब्लीचिंग पावडरच्या किंवा सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणात दहा-पंधरा मिनिटं बुडवून स्वच्छ पाण्याने धुवायची. रोपकोलमडीची निम्मी प्रकरणं न धुतलेल्या ट्रेपाशी सुरू होतात.

कोकोपीट

पाच किलोची वीट भिजवली की साधारण ७० लिटर होते. ९८ च्या पंचवीसेक ट्रे एका विटेत भरतात, ५० च्या ५५ ट्रेना अडीच-तीन विटा धरा. ईसी म्हणजे क्षारांचं माप (डेसीसायमन प्रति मीटरमध्ये). विटेवर ‘लो ईसी’ छापलेलं असलं तरी विश्वास मीटरवर ठेवावा. एक भाग भिजलेलं कोकोपीट, दीड भाग पाणी, ढवळून अर्धा तास ठेवायचं, गाळून ईसी मोजायची. वापरलेल्या पाण्याची ईसी वजा केल्यावर ०.५ च्या आत उरली तर उत्तम. १ च्या वर असेल तर त्यात बी टाकू नये. उगवण उशिरा होते, बीपत्रांच्या कडा करपतात आणि दोष बियाण्यावर जातो.

नुसत्या पाण्याने धुतलं की सुटं मीठ जातं, पण तंतूंना धरून बसलेलं सोडियम आणि पोटॅशियम जात नाही. ते नंतर आपण दिलेल्या खतातलं कॅल्शियम अडवून धरतं आणि रोपाच्या शेंड्याकडची नवी पानं आखडतात. उपाय स्वस्त आहे. एका विटेला २५ लिटर पाण्यात १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात वीट चोवीस तास भिजू द्यायची, मग निथळून साध्या पाण्याने दोनदा धुवायची. निथळायला गोणपाटावर पसरवा. भरतानाचा ओलावा असा हवा की मूठ घट्ट दाबली तर बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर जास्त झालं, काहीच आलं नाही तर बी मध्येच सुकेल.

इथे खान्देशातली खरी अडचण येते: धुवायचं पाणीच खारट. तापीकाठच्या आणि अमळनेर-पारोळ्याकडच्या कित्येक बोअरचं पाणी स्वतःच १ च्या पुढच्या ईसीचं आणि आठच्या पुढच्या सामूचं (पीएचचं) असतं. त्याने कितीही धुतलं तरी कोकोपीटची ईसी पाण्याच्या ईसीखाली उतरत नाही. हिशेब करून पाहा. ५५ ट्रेना रोज पन्नासेक लिटर पाणी लागतं, पंधरा दिवसांचं सातशे-साडेसातशे. पत्र्यावरचं पावसाचं पाणी झाकलेल्या हजार लिटरच्या काळ्या टाकीत साठवून ठेवलं तर एका लावणीच्या रोपांची सोय होते. तेवढं जमत नसेल तर बोअरच्या पाण्याचा सामू फॉस्फरिक आम्लाने ६ ते ६.५ वर आणावा. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही, आणि हातमोजे घालूनच. किती आम्ल लागेल ते पाण्यातल्या बायकार्बोनेटवर ठरतं, शेजाऱ्याचं प्रमाण चालत नाही. ममुराबादच्या किंवा पालच्या कृषी विज्ञान केंद्रात माती-पाणी तपासणीची चौकशी करा. नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या की युरिया टाकण्याची घाई नको. बहुतेक वेळा सामू वर गेल्याने लोह अडकलेलं असतं.

पेरणी ते लावणी

कप्पा भरून बोटाने हलकं दाबायचं, ठासायचं नाही. एका कप्प्यात एकच बी, आडवं, एक ते दीड सेंटिमीटर खोल. वर कोकोपीटची पातळ चादर. कमी खोल पेरलं किंवा वरचा थर सुकला तर बीपत्रं टरफल डोक्यावर घेऊनच वर येतात. अशी टोपी घातलेली रोपं दिसली तर सकाळी पाण्याचा हलका फवारा मारून दहा मिनिटांनी, टरफल मऊ झाल्यावर, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून अलगद सोडवायचं. कोरडं ओढलं तर बीपत्र फाटतं आणि ते रोप आठवडाभर मागे पडतं. एखाददुसरी टोपी चालायचीच. अर्ध्या ट्रेला टोप्या आल्या तर चूक पेरण्याच्या खोलीची आहे, बियाण्याची नाही.

उगवणीला २५ ते ३० अंश हवेत. एवढं मिळालं तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दांडीची कमान वर दिसते. वीसच्या खाली आठवडा लागतो, आणि पंधराच्या खाली बी उगवण्याऐवजी सडण्याच्या मार्गाला लागतं. म्हणून जानेवारीत ट्रे बंद खोलीत आठ-दहाच्या थप्पीने रचाव्यात, वर काळा प्लॅस्टिक कागद, त्यावर गोणपाट. खोली फारच गार असेल तर जुन्या पद्धतीचा ६० वॉटचा दिवा खोलीत लावून ठेवावा, थप्पीला टेकवू नये. मे महिन्यात नेमकं उलट करायचं. काळा कागद नाही, पत्र्याची खोली तर नाहीच. धाब्याच्या घरात किंवा दाट सावलीत, ओल्या गोणपाटाखाली. ४० अंशांवर बी शिजतं आणि ते फुगून मऊ पडलेलं सापडतं. तीनशे-चारशे रुपयांचा कमाल-किमान तापमापक थप्पीच्या मधल्या ट्रेवर ठेवा. या सगळ्या यादीतली सर्वात कामाची खरेदी हीच आहे, आणि ती कुणी करत नाही.

थप्पी दिवसातून दोनदा उघडून पाहायची. पंचवीस टक्के कमानी दिसल्या की ट्रे लगेच उजेडात मांडायच्या. ‘संध्याकाळी काढू’ म्हटलं तर तेवढ्या तासांत दांड्या पांढऱ्या आणि लांब होतात. मग त्या काही केल्या आखूड होत नाहीत.

पाणी सकाळी. सायंकाळी ओल्या ठेवलेल्या ट्रेमध्ये रोपकोलमड ठरलेली. जमिनीलगत दांडी पाणथळ, बारीक होते आणि वरचं रोप हिरवं असतानाच आडवं पडतं. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट: उन्हात पडलेल्या काळ्या नळीतलं पहिलं पाणी हाताला चटका देईल इतकं तापलेलं असतं. ते बाहेर सोडून गार पाणी आल्यावरच झारी भरा. हिवाळ्यात उलट, रात्रभर गच्चीवर गारठलेलं पाणी सकाळी दहाच्या आत देऊ नका. पहिलं खरं पान फुटल्यावर १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, एक दिवसाआड, आणि ट्रायकोडर्माची लिटरला पाच ग्रॅमने एक आळवणी. एवढं पुरतं. रोपांवर टॉनिकांचा मारा करणाऱ्यांची रोपं उंच होतात, भक्कम होत नाहीत.

उन्हाळ्यात बारा ते चौदा दिवसांत आणि थंडीत अठरा ते वीस दिवसांत दोन खरी पानं येतात. तीच लावणीची वेळ. तिसरं पान पूर्ण उघडलं की मुळं तळाशी गोल फिरायला लागतात. चार वाजल्यानंतर लावा, गादीवाफा आदल्या दिवशी भिजवलेला असू द्या आणि गोळ्याचा माथा मातीच्या पातळीत ठेवा. लांबलेलं रोप खोल पुरून ‘दुरुस्त’ करण्याचा प्रकार टोमॅटोत चालतो, काकडीची पुरलेली दांडी सडते. मल्चिंगचा कागद चंदेरी बाजू वर, आणि भोक सात-आठ सेंटिमीटरचं. छोट्या भोकातून वर येणारी कोंडलेली गरम वाफ मार्च-एप्रिलमध्ये दांडी भाजून काढते. कागदाला टेकलेलं पानही तसंच जातं.

फेब्रुवारीअखेरच्या लावणीला ट्रेचा घाट न घालता थेट वाफ्यावर टोकण करणं आम्हाला जास्त पटतं. जमीन गरम असते, बी चार दिवसांत वर येतं, मूळ न मोडता खोल जातं. नांग्या भरायला एक-दोन ट्रे बाजूला केल्या की झालं. उंदीर आणि खारींचा बंदोबस्त मात्र आधी हवा, सात रुपयांचं बी त्यांनाही आवडतं. थंडीत टोकण करू नये.

लावणीनंतरचं थोडक्यात. दोन ओळींत ४५ ते ५० सेंटिमीटर, दोन रोपांत ४० ते ४५, नागमोडी. पहिल्या पाच-सहा पेरांवरची फुलं आणि बगलफूट काढून टाकायची, एकच शेंडा दोरीवर चढवायचा. या पायरीवर हात आखडतो. पहिली फळं ठेवली तर ती जमिनीला टेकून वाकडी होतात आणि वेल तिथेच थकतो. लावणीनंतर तीस ते चाळीस दिवसांत तोडा सुरू होतो आणि मग तो एक दिवसाआड चुकवता येत नाही. ३५ अंशांच्या पुढे फळं वाकतात, कळ्या गळतात. कुठल्याही पाकिटावर ‘हीट टॉलरंट’ लिहिलेलं असो, एप्रिलच्या भर दुपारी बंद पॉलिहाऊसमध्ये ते लिहिणं कामाला येत नाही. खान्देशात उन्हाळी काकडीला चारी बाजूंनी हवा खेळणारं शेडनेट बरं, पॉलिहाऊसचा फायदा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत.

रोपवाटिकेची सेवा

बी आपलं, ट्रे-कोकोपीट-मजुरी त्यांची, अशी पद्धत आहे. रोपामागे रुपया-दोन रुपये पडतात आणि दर कप्प्यांच्या संख्येवर हलतो. सोय मोठी आहे. मोठ्या रोपवाटिकेकडे उगवणीची बंद खोली, फॉगर आणि अनुभवी बाया असतात. सहाच गुण देण्याचं कारण असं की मिरची-टोमॅटोच्या ओझ्याखाली काकडीची ट्रे तिथे रांगेत उभी राहते. मिरचीचं रोप पाच-सहा आठवड्यांचं, त्याला चार दिवस मागेपुढे चालतं. काकडीचं पंधरा दिवसांचं, त्याला चालत नाही. ‘गाडी भरली की पाठवतो’ या वाक्याने काकडीचं तिसरं आणि चौथं पान ट्रेमध्येच उघडतं.

म्हणून ऑर्डर देताना चार गोष्टी कागदावर घ्या. ट्रे ५० किंवा ७० कप्प्यांची. पाकीट समोर फोडून बिया मोजलेल्या आणि रिकामं पाकीट आपल्याकडे परत. दोन खऱ्या पानांवर उचल, तारखेसकट. उगवण किती टक्क्यांच्या खाली गेली तर मजुरी कशी धरायची ते आधीच. उचलताना कुठल्याही तीन ट्रेमधून एकेक रोप उपसून पाहा: मुळं पांढरी, गोळा सलग. तपकिरी मुळं किंवा पानाखाली पांढरी माशी दिसली तर ती ट्रे घेऊ नका. तीन-चार ट्रेंबरोबर विषाणू शेडनेटमध्ये शिरला तर पुढे जाळीचा काही उपयोग नाही. मार्चनंतर रोपं उघड्या पिकअपमध्ये दुपारी आणायची नाहीत. चोपडा-शिरपूरच्या रस्त्यावर अर्ध्या तासाच्या झळांनी पानांच्या कडा वाळतात आणि ते दोन दिवसांनी दिसतं, तोवर पैसे देऊन झालेले असतात.

बिल, फोडलेलं पाकीट आणि त्यावरचा लॉट नंबर शेवटचा तोडा होईपर्यंत जपून ठेवा. बियाण्यात खरोखर दोष निघाला तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते आणि तालुक्याची तक्रार निवारण समिती प्रत्यक्ष पाहणी करते. समितीपुढे ट्रेचे फोटो भरपूर आणि लॉट नंबर नाही, अशी अवस्था असेल तर तक्रार जागेवरच लुळी पडते. पाकिटातल्या पंचवीस-तीस बिया मूळ पाकिटातच, घडी घालून, डब्यात बंद करून ठेवल्या असतील तर तपासणीला पाठवायला निदान काही हातात राहतं.